गुरुवार दुपारनंतर नवी बॅच नाही

आमच्या घरात शुक्रवार हा वाईट वार होता. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं. अंबरनाथच्या कारखान्यांना शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्याच दिवशी दुरुस्तीसाठी लाईट बंद, आणि बऱ्याचदा जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणारं पाणीही बंद. कायम कामगारांना सुट्टीचा पगार मिळायचा. पप्पा ठेकेदाराकडे होते, त्यांना काम नाही तर दाम नाही. त्यामुळे अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या एका खोलीत शुक्रवारी लाईट नसायची, पाणी नसायचं, हजेरी नसायची. फक्त पप्पा असायचे, आणि तेही गप्प.

मम्मीला शुक्रवारही नव्हता आणि रविवारही. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातून तिच्याकडे पँटींचे गठ्ठे यायचे. शिलाईचे लोंबते धागे कापून पँटी परत बांधायच्या, हे तिचं काम. त्या कापडाचा रंग बोटांना लागायचा आणि जायचाच नाही. भाकऱ्या निळ्या होतात म्हणून पीठ मळायचं काम माझ्याकडे आलं. तरी माझ्या वह्यांवर तिच्या बोटांचे निळे ठसे असायचेच, कारण पानं उलटून मी अभ्यास केला का हे ती रोज बघायची. तिला वाचता येत नव्हतं. पानं भरलेली आहेत एवढं मात्र कळायचं.

पप्पा रेझिनच्या कारखान्यात होते. रेझिन म्हणजे रंगात घालतात तो मधासारखा चिकट माल. एका मोठ्या बंद भांड्यात तेल आणि पावडरी घालून तासन् तास तापवायच्या आणि आतली ढवळणी सतत फिरती ठेवायची. त्या भांड्याला सगळे केटल म्हणायचे. मला लहानपणी वाटायचं, पप्पा कारखान्यात चहा करतात. एका वेळी शिजवायला घेतलेला माल म्हणजे एक बॅच. बॅच अर्धवट असताना ढवळणी थांबली तर माल आतल्या आत घट्ट बसतो. मग तो ओतता येत नाही, दगडासारखा फोडावा लागतो. म्हणून तिथे एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता: गुरुवारी दुपारनंतर नवी बॅच लावायची नाही. शुक्रवारी लाईट जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मी सातवीत असताना एक नवा सुपरवायझर आला. ऑर्डर अर्जंट होती. त्याने गुरुवारी संध्याकाळी बॅच लावायला सांगितली. पप्पा म्हणाले, "साहेब, उद्या शुक्रवार आहे." साहेब म्हणाला, "एकच तर बॅच आहे. सकाळी आठच्या आत उतरते." शुक्रवारी पहाटे लाईट सहालाच गेली आणि बॅच बसली.

पुढचे नऊ दिवस पप्पा आणि आणखी दोघं कमरेला दोर बांधून केटलच्या तोंडातून आत उतरत होते आणि छिन्नी-हातोडीने ते रेझिन फोडत होते. आतल्या वासाने डोकं धरायचं. घरी आले की जेवण जायचं नाही, नुसता ताक-भात. दहाव्या दिवशी केटल साफ झाली आणि ठेकेदाराने तिघांनाही सांगितलं, उद्यापासून येऊ नका. नुकसान कुणाच्या तरी माथी मारायला हवं होतं.

त्यानंतर दोन महिने पप्पा सकाळी नाक्यावर मजुरीसाठी उभे राहिले. मम्मीने गठ्ठे दुप्पट केले. शाळेतून आले की मीही दाराच्या उजेडात कात्री घेऊन बसायचे. त्या सुपरवायझरला पप्पांनी माझ्यासमोर एकदाही शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "त्याला घाई होती. घाईतल्या माणसाला नाही म्हणणारा कुणीतरी लागतो. पण नाही म्हणणाऱ्याच्या हातात काहीतरी पाहिजे ना. माझ्या हातात काय होतं?"

हे वाक्य मी विसरले नाही. पुढे ते सॉफ्टवेअरच्या कामात उपयोगी पडेल, असं मात्र तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

आमच्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एक बाई ती चालवतात. कडक बाई. चप्पल रांगेत नसेल तर आत घेत नाहीत. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेले चार कॉम्प्युटर त्यांनी मिळवले होते. विकतची सॉफ्टवेअर त्यांच्यावर चालत नव्हती, म्हणून कुणीतरी त्यांच्यावर मुक्त सॉफ्टवेअर टाकून दिलं. म्हणजे फुकट मिळणारं, आणि ज्याच्या आतला कोड कुणीही उघडून वाचू शकतो, दुरुस्त करू शकतो असं. त्यात एक लिहिण्याचा प्रोग्रॅम होता. अर्ज, बायोडाटा, कॉलेजची प्रोजेक्टं, सगळं पोरं त्यातच टाईप करायची.

मी उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होते. आमच्या खानदानात कॉलेजचं गेट ओलांडलेली पहिली. हे मी ताठ मानेने सांगते आणि सांगत राहणार. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट मी अभ्यासिकेत बसून तीन आठवडे टाईप केला. शेवटचं पान झालं, सेव्हचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी लाईट गेली. परत आल्यावर फाईल उघडली. कोरी. चाळीस पानांच्या जागी एक पांढरं पान.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रडून झालं की सांग, मी वाचून दाखवते, तू टाईप कर." माझ्याकडे हाताने लिहिलेला कच्चा मसुदा होता. दोन दिवस बाईंनी वाचलं आणि मी टाईप केलं. त्यानंतर बाईंनी भिंतीवर कागद लावला: 'प्रत्येक फाईल दोन वेगळ्या नावांनी सेव्ह करावी.'

त्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती, दोष आढळल्यास आम्हाला कळवा. मी डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजीत कळवलं. उत्तरं आली. एकाने लिहिलं, आमच्याकडे असं होत नाही. दुसऱ्याने लिहिलं, करून पाहिलं, जमलं नाही. तिसऱ्याने विचारलं, बॅटरीचा बॅकअप का ठेवत नाही? मला वाटलं, याला आमच्या अभ्यासिकेत आणून बसवावं एकदा.

चौथं उत्तर वेगळं होतं. त्यात एकच प्रश्न होता: "तुमच्याकडे वीज किती वेळा जाते?"

मी लिहिलं, "दर शुक्रवारी सांगून. बाकीच्या दिवशी न सांगता."

उत्तर आलं, "मग हा खरा दोष आहे. मी तो यादीतून काढू देणार नाही."

हे लिहिणारे गृहस्थ त्या प्रोग्रॅमचे समन्वयक होते. उत्तरेकडच्या एका थंड देशात राहायचे. मला वाटलं, मोठे इंजिनिअर असतील. वर्षभराने कळलं की ते हॉस्पिटलमध्ये पुरुष नर्स आहेत आणि ड्युटीच्या मधल्या सुट्टीत हे काम करतात. कोड त्यांना फारसा लिहिता येत नव्हता. आणि त्यांनी शब्द पाळला. दर नव्या आवृत्तीच्या वेळी राहिलेल्या दोषांच्या यादीत माझा दोष असायचा. कुणी म्हणायचं, जुना झाला, काढून टाका. ते लिहायचे, "तिथे अजून वीज जाते. राहू द्या." चार-पाच वर्षं त्यांनी हे केलं. न पाहिलेल्या गावातल्या न पाहिलेल्या मुलीसाठी.

हळूहळू मीही इतरांचे दोष तपासायला लागले, आणि त्या कामात राहिले ती त्यांच्यामुळे. दरम्यान डिग्री झाली, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली, आम्ही बदलापूरला फ्लॅटमध्ये राहायला आलो. पप्पा दुसऱ्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. मी नोकरी करून सकाळचा एक तास आणि सुट्टीचे दिवस त्या प्रोग्रॅमला द्यायचे. मम्मी विचारायची, "पगार किती?" मी म्हणायचे, "काहीच नाही." ती म्हणायची, "मग मीच शहाणी होते, धाग्याचे तरी पैसे मिळायचे."

समन्वयकाचं काम काय, ते सांगते. हा प्रोग्रॅम बनवणारी माणसं वीसेक देशांत पसरलेली. कुणी शिक्षक, कुणी विद्यार्थी, कुणी रिटायर्ड. जो तो आपल्या फुरसतीत काहीतरी घालत असतो. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची असते. त्यासाठी एका दिवशी दार बंद करावं लागतं. त्यानंतर नवीन काही आत घ्यायचं नाही, फक्त असलेलं तपासायचं, दुरुस्त करायचं. मग चाचणीची प्रत काढायची, सगळ्यांनी ती वापरून बघायची आणि मग खरी आवृत्ती. दार कधी बंद करायचं, ते बंद ठेवायचं, आणि दारावर उभं राहून चांगल्या चांगल्या माणसांना "आता नाही" म्हणायचं, हे समन्वयकाचं काम. कुणी पगारी नाही, त्यामुळे कुणाला हुकूम देता येत नाही. शब्दावर चालतं सगळं.

त्या गृहस्थांची एक पद्धत होती. प्रत्येक आवृत्ती निघाली की ज्यांचं काम त्यांनी नाकारलं असेल त्या प्रत्येकाला ते वेगळं पत्र लिहायचे. तुमचं काम का थांबवलं, त्यात चांगलं काय होतं, पुढच्या वेळी काय केलं तर ते पहिल्यांदा आत येईल. नाकारलेला माणूस रागावून जायचा नाही, उलट जास्त काम करायचा. मी कंपनीत एवढे मॅनेजर पाहिले, ही कला एकाकडेही पाहिली नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना साधली नव्हती. आमची आवृत्ती ठरल्या दिवशी कधीच निघायची नाही. शेवटच्या आठवड्यात कुणीतरी काहीतरी घालायचं, काहीतरी मोडायचं, मग तीन आठवडे उशीर. नंतर त्यांची तब्येत बिघडली. त्यांनी जाहीर केलं, पुढची आवृत्ती ही बघेल. ही म्हणजे मी. मला न विचारता.

मी वेळापत्रक बनवायला बसले. एका तक्त्यात सहा महिन्यांचे सगळे दिवस, प्रत्येकासमोर काम. आठवडाभर खपून बनवलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी ईमेलमध्ये पत्रांचा ढीग. एकीने विचारलं, "शुक्रवार सगळे कोरे का? तुमच्याकडे धार्मिक सुट्टी असते का?" दुसऱ्याने विचारलं, "रविवारी काम कसं काय?" आणि पश्चिम आशियातल्या एका प्रोग्रॅमरने मनापासून आभार मानले होते. इतकी वर्षं या कामात आहे, आमच्या शुक्रवारचा विचार पहिल्यांदाच कुणी केला, म्हणाला.

मी तक्ता उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. खरंच, सहा महिन्यांतला एकूण एक शुक्रवार मी कोरा सोडला होता आणि रविवारी कामं लावली होती. कंपनीत शनिवार-रविवार सुट्टी घेऊन मला इतकी वर्षं झाली होती. पण हात आपोआप अंबरनाथचा आठवडा लिहून गेला होता.

पप्पांना सांगितलं तर ते खो खो हसले. "शुक्रवारी लाईट नसते हे त्यांना माहीत नाही?"

"पप्पा, त्यांच्याकडे लाईट जातच नाही."

"जातच नाही? मग ती माणसं शुक्रवारी करतात काय?"

मी खजील होऊन जुन्या समन्वयकांना लिहिलं की चूक झाली, तक्ता सुधारून पाठवते. हे असं का झालं तेही लिहिलं. कारखाना, केटल, बसलेली बॅच, गुरुवार दुपारचा नियम. त्यांचं उत्तर छोटं होतं: "सुधारू नकोस. मला अठरा वर्षांत जे सुचलं नाही ते तुझ्या वडिलांच्या कारखान्यात होतं."

तो नियम झाला. गुरुवारी दुपारी आत यायचं ते बंद, शनिवारी सकाळी चालू. वेळ आमच्या घड्याळाची. शुक्रवारी फक्त जे आत आलंय ते वापरून बघायचं. सुरुवातीला कुरकुर झाली. पण माणसं फुरसतीत काम करणारी, त्यांना रविवारच बरा पडायचा. आणि शुक्रवारी कुणी काही नवीन टाकत नाही म्हटल्यावर गुरुवारपर्यंतच्या चुका शुक्रवारी सापडायला लागल्या. दोन महिन्यांनी कुरकुर करणारेच इतरांना सांगू लागले, आज गुरुवार आहे, थांब.

त्या आवृत्तीत माझा जुना दोष दुरुस्त झाला होता. आधी प्रोग्रॅम जुन्या फाईलवरच नवं लिहायचा. मध्येच लाईट गेली की जुनं पुसलेलं आणि नवं उतरलेलं नाही, म्हणून पान कोरं. आता तो नवं वेगळं लिहायचा, ते डिस्कवर पक्कं उतरेपर्यंत वाट बघायचा आणि मगच जुनं काढायचा.

ही आवृत्ती एका मंगळवारी निघायची होती, आणि या वेळी उशीर परवडणारा नव्हता. अभ्यासिकेतल्यासारख्या जुन्या कॉम्प्युटरांवर जी मूळ सिस्टिम असते, तिचा टिकाऊ संच, म्हणजे वर्षानुवर्षं न बदलता वापरायचा, दोन वर्षांतून एकदा निघतो. त्यात कोणती सॉफ्टवेअर जाणार याची यादी त्या बुधवारी बंद होणार होती. मंगळवार गाठला तर आमची दुरुस्ती त्यात जाणार. नाही तर आणखी दोन वर्षं जुनंच. आमच्या अभ्यासिकेत मी हाताने नवीन टाकून दिलं असतं. पण असल्या खोल्या आणि असल्या शाळा कुठे कुठे असतील, तिथे मी कुठे जाणार होते?

शेवटचा गुरुवार. मी कंपनीतून दोन दिवस रजा घेतली होती. दुपारी दार बंद केलं, या वेळी थेट आवृत्ती निघेपर्यंत. पाच वाजता आमच्यातल्या सगळ्यात हुशार प्रोग्रॅमरचं पत्र आलं. हुशार हे मी उगाच म्हणत नाही. अर्ध्याहून जास्त प्रोग्रॅम त्याच्या हातचा आहे. त्याने लिहिलं होतं: जुन्या कॉम्प्युटरवर आता सेव्ह करायला सात-आठ सेकंद लागतात. मी दोन ओळी बदलल्यात, पटकन होतं. तुमच्याच अभ्यासिकेचा फायदा आहे. घ्या आत.

पाठोपाठ सगळ्यांची पत्रं. छान आहे. दोनच ओळी आहेत. घेऊन टाका.

पप्पा गॅलरीत बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "पप्पा, एक जण दोन ओळी घालायच्या म्हणतोय."

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"वाजले किती?"

"पाच."

"मग मला कशाला विचारतेस? शिकलेली तू आहेस."

"पण ओळी चांगल्या आहेत हो. माणूसही चांगला आहे."

"बॅच काय वाईट होती का?" पप्पा म्हणाले. "माल एक नंबर होता."

मी आत जाऊन लिहिलं: दार दुपारी बंद झालं आहे. तुमच्या दोन ओळी मी शनिवारी स्वतः तपासते, पण या आवृत्तीत त्या येणार नाहीत.

त्याचं उत्तर सगळ्यांना गेलं: "आपण आता एका कारखान्याच्या विजेच्या वेळापत्रकावर सॉफ्टवेअर बनवणार का?"

उत्तर द्यायला बोटं शिवशिवत होती. नंतर जुन्या समन्वयकांनी मला सांगितलं की त्या संध्याकाळी त्यांनी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही पुसली. "मी बोललो असतो तर दार माझं राहिलं असतं," म्हणाले.

शुक्रवारी बदलापुरात लाईट नव्हती. दिवसभर मनात एकच. तो बरोबर असेल तर? माझ्याकडे नियम होता, पुरावा कुठे होता?

शनिवारी सकाळी अभ्यासिकेत गेले. शेवटची चाचणीची प्रत त्या जुन्या कॉम्प्युटरांवर बघायचीच होती. पप्पाही आले. विहारात त्यांचे जुने दोस्त भेटतात. मी चारही कॉम्प्युटरवर प्रत टाकली, फाईल उघडली, सेव्ह केली. व्यवस्थित. पप्पा मागे उभे राहून बघत होते.

"तुझी ती फाईल गेली होती, ती कशी गेली होती?"

"सेव्ह करताना लाईट गेली म्हणून."

"मग हे दुरुस्त केल्यावर लाईट घालवून बघितली का कुणी?"

आम्ही प्रोग्रॅम मध्येच बंद पाडून बघितला होता, शंभरदा. लाईट बंद करून कुणीच बघितलं नव्हतं. ज्यांच्याकडे लाईट जात नाही त्यांना ते सुचलं नाही, हे समजू शकते. मला तरी सुचायला हवं होतं.

पप्पा दाराजवळच्या मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले. "दाब तू सेव्ह."

बाई धावत आल्या. "अहो, माझ्या कॉम्प्युटरांचा जीव घेता का?"

"बाई, दर शुक्रवारी घेतातच की. आज शनिवारी मी घेतो."

"निदान मोजून घ्या," बाई म्हणाल्या आणि खडू घेऊन फळ्यापाशी उभ्या राहिल्या.

मी सेव्ह दाबायचे, पप्पा खट्कन स्विच पाडायचे. कधी लगेच, कधी दोन सेकंदांनी. "सांगून पाडू नका," असं मी म्हटलं, तर म्हणाले, "लाईट सांगून जाते का?" मग पुन्हा चालू करायचं, फाईल उघडायची, बाईंनी फळ्यावर रेघ मारायची. चार कॉम्प्युटर, बारा वेळा. एकही फाईल गेली नाही. फार तर शेवटचा बदल नसायचा. आधीचं सगळं जागेवर.

मग मी त्या दोन ओळींची प्रत टाकली. सेव्ह खरंच झटकन झालं. बाई म्हणाल्या, "अगं, हे किती छान आहे." पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा ठीक. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा पप्पांनी स्विच पाडला, परत लावला आणि खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर मी फाईल उघडली. कोरी.

तेच पांढरं पान. मी ते ओळखलं.

त्या दोन ओळींनी डिस्कवर पक्कं उतरेपर्यंतची वाट बघणं काढून टाकलं होतं. वेळ वाचत होता तो तिथेच. बाई भिंतीवरच्या आपल्या कागदाकडे बघत होत्या. पप्पांनी विचारलं, "बसली?" मी म्हटलं, "बसली."

मी घरी येऊन फक्त घडलं ते लिहिलं. किती वेळा स्विच पाडला, कधी काय झालं, आणि बाईंच्या फळ्याचा फोटो. टोमण्याला उत्तर दिलं नाही. ती शिकवण जुन्या समन्वयकांची.

रविवारी दुपारी त्या प्रोग्रॅमरचं पत्र आलं, तेही सगळ्यांना. "मी इथे काम करताना वीज गेलेली मला आठवत नाही. आज मी स्वतः प्लग उपटून बघितला. सहाव्या वेळी माझी फाईल गेली. माझ्या दोन ओळी मी मागे घेतो. त्या कारखान्याचं वेळापत्रक मला मान्य आहे." एवढा मोठा माणूस, आणि वीस देशांतल्या लोकांसमोर असं लिहितो. मी ते पत्र पप्पांना मराठीत वाचून दाखवलं. पप्पा म्हणाले, "सुपरवायझर असा असता तर!" आणि थोड्या वेळाने, "याला सांग, प्लग उपटायचा नाही, स्विच पाडायचा. शॉक बसेल."

मी तसं कळवलं. त्याने स्विच बसवून घेतला. आता प्रत्येक आवृत्तीच्या आधी तो त्याच्या टेबलावर तो पाडून बघतो.

आवृत्तीबरोबर एक पान जातं. कुणी काय केलं आणि कुणाचे आभार, असं त्यात असतं, नावं न घालता. त्यात मी एक ओळ घातली: 'वीज बंद करून तपासणी: एक निवृत्त कारखाना कामगार, अंबरनाथ.' पप्पांनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "निवृत्त कशाला लिहिलंस? काम तर केलं ना." मम्मीने मान वाकडी करून स्क्रीनकडे बघितलं. पान भरलेलं आहे का एवढं तिने पाहिलं असावं. "आणि माझं नाव?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नावं कुणाचीच नाहीत त्यात." "मग ठीक आहे," म्हणाली.

आवृत्ती निघाल्यावर मी त्या प्रोग्रॅमरला वेगळं पत्र लिहिलं. त्याचं काम का थांबवलं, त्यात चांगलं काय होतं आणि पुढच्या वेळी ते कसं आत येईल. सेव्ह झटपट करायची दुसरी रीत त्याने पुढच्या सहा महिन्यांत शोधली. ती बुधवारी आत आली.

आवृत्ती ठरलेल्या मंगळवारी निघाली. उशीर न होता निघालेली आमची ती पहिली. टिकाऊ संचात ती गेली. त्यानंतरच्या प्रत्येक आवृत्तीची समन्वयक मी आहे आणि एकीलाही उशीर झालेला नाही. अभ्यासिकेतल्या चारही कॉम्प्युटरवर आता तोच प्रोग्रॅम चालतो, शुक्रवारी लाईट अजून जाते, आणि तिथे एकही फाईल कोरी झालेली नाही. बाईंनी भिंतीवरचा तो कागद काढून टाकला आहे.